क्लच गेलेल्या गाड्या

२७ मार्च

आज लायसन्स हातात पडलं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी कायद्यानं गाडी चालवायला लायक ठरलो. फोटोत चोरासारखा दिसतोय, पण सही झकास आली आहे.

वही खरं तर गाडीसाठीच आणली होती, टायर कधी बदलले, सर्व्हिसिंग कधी केलं वगैरे लिहायला. गाडीचा अजून पत्ता नाही. तोवर गाडी कशी घेतो तेच लिहावं म्हटलं. यात 'ही' म्हणजे माझी बायको. मुलगी नोकरीच्या गावी, घरात आम्ही दोघंच, तेव्हा नावानिशी लिहायची गरज पडू नये.

ही ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. शाळा जूनपासून गावाबाहेरच्या नव्या इमारतीत जाणार. तिथं बस जात नाही. शेवटच्या थांब्यापासून पुढे चांगली तासाभराची चाल, आणि हिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्याच गुडघ्यामुळे क्लच दाबायलाही डॉक्टरांची मनाई, म्हणजे गाडी शिकायची ती मीच. मी जानेवारीतच छाती फुगवून सांगून टाकलं, "तू शाळेची काळजी करू नकोस. मी सोडीन, मी आणीन." हिने मुख्याध्यापिकांना तसं कळवूनही टाकलं. तेव्हा जूनच्या आत गाडी आली नाही तर हिचा वर्ग गेला, इतकं सरळ आहे. आणि वर्ग म्हणजे हिचा जीव की प्राण.

परीक्षेत विशेष काही नव्हतं. मैदानाला एक फेरी, एक आठचा आकडा. मास्तर, म्हणजे माझे ड्रायव्हिंगचे शिक्षक, शेजारी होतेच. ते पहिल्या दिवसापासून म्हणतात, "साहेब, तुम्ही फक्त समोर बघा आणि स्टीअरिंग धरा. बाकीचं आपोआप होतंय." आणि खरोखर झालं. ही प्रत्येक शिकवणीला मागच्या सीटवर बसून यायची, तेवढाच संध्याकाळचा वारा. आज येताना मी हिला म्हटलं, काही माणसांच्या अंगातच असतं बघ. ही म्हणाली, "असेल हो."

५ एप्रिल

नवी गाडी आमच्या ऐपतीत बसत नाही, जुनीच घ्यायची. लोक जुन्या गाडीला घाबरतात. मी का घाबरू? मी काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर बरणी उजेडासमोर धरायची, कुठं बुडबुडा, कुठं चीर, कुठं कड वाकडी, दिसली की बाजूला. दोष काढणं हाच माझा धंदा आहे, आणि घरचे म्हणतात की तो मी घरीही चालवतो.

आज पहिली गाडी पाहिली. एक निवृत्त डॉक्टरीणबाई मुलाकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत, म्हणून काढतायत. लहानशी राखाडी गाडी, सीटवर स्वच्छ टॉवेल अंथरलेला. मी दारं उघडून मिटून पाहिली, काचा वरखाली केल्या, खाली वाकून पोट पाहिलं. कुठं गंज नाही. मग चालवायला बसलो. ही मागे, डॉक्टरीणबाई शेजारी. चावी फिरवली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या उडीला हिची पर्स खाली सांडली.

"हळू सोडा हो क्लच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता मी काय नवशिका आहे? मास्तरांच्या गाडीत मी याहून पटकन सोडतो आणि ती लोण्यातून सुरी जावी तशी निघते. मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं की बाई, तुमच्या गाडीचा क्लच गेलेला आहे. बाईंनी हिच्याकडे पाहिलं, हिने बाईंकडे पाहिलं, मग दोघी कुंड्यांकडे बघत राहिल्या. पुढे बाईंनी स्वतः एक फेरी मारून दाखवली. नीट चालली. मालकाच्या पायाला सवय असते, तो दोष सांभाळून घेतो. मला फसवणं इतकं सोपं नाही.

गाडी नापास.

१२ एप्रिल

आज एका दलालाकडे गेलो. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की माणूस चालताना वाजतो. त्यानं लाल गाडी दाखवली. दिसायला छान, पण लक्षण तेच. क्लच सोडला की उसळी आणि बंद. चौथ्यांदा तर समोरच्या कुंपणाला नाक टेकता टेकता राहिलं.

"क्लच गेलाय," मी म्हटलं.

"साहेब, मागच्याच महिन्यात नवा टाकलाय!"

"मग तुम्हाला फसवलंय."

दलालानं डोक्याला हात लावला. बिचारा, त्याचंही नुकसानच झालं असणार.

येताना बसमध्ये हिने विचारलं, "अहो, मास्तरांच्या गाडीत त्यांच्या पायाशीपण क्लच आणि ब्रेक असतो ना?"

"असतो. पण तो अडीअडचणीला. शिकणारा घाबरला तर."

"हं."

"मला कधी घाबरलेलं पाहिलंस?"

"छे हो," ही खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुम्ही कधीच नाही घाबरलात."

ऐकून बरं वाटलं. ही तोंडावर कौतुक करणाऱ्यातली नाही.

१५ एप्रिल

खात्री करून घ्यायला मास्तरांकडे जादा शिकवणी लावली. एक तास भर बाजारातून गाडी चालवली, एकदाही बंद पडली नाही. चढावर थांबवून पुन्हा काढली. म्हणजे सिद्धच झालं की दोष त्या दोन गाड्यांत होता.

मास्तरांची एकच खोड मला खटकते. सारखे पाय हलवतात. गाणं गुणगुणतात आणि पायानं ताल धरतात, विशेषतः सिग्नलला. मी काही बोललो नाही. मनुष्य शिकवतो चांगला.

१९ एप्रिल

कारखान्यातल्या एकाच्या मेव्हण्याची गाडी. नापास. कारण वर दोनदा लिहिलं आहे, पुन्हा लिहायचा कंटाळा आला.

संध्याकाळी मुलीचा फोन. "बाबा, सरळ ऑटोमॅटिक बघा ना. क्लचची भानगडच नको. मग आईलाही शिकता येईल."

मी दलालाला विचारलंही. किंमत ऐकून गुपचूप फोन ठेवला. मुलीला मात्र सांगितलं की तसल्या गाड्या आळशी माणसांसाठी असतात. ही शेजारी बसून वाटाणे सोलत होती, तिला किंमत माहीत होती.

२५ एप्रिल

शाळेला सुट्टी लागली. हिने कपाट आवरायला काढलं आहे. एवढ्या वर्षांत शाळेचं काय काय घरात साठलंय! छोटे आरसे, ज्यात मुलं आपले ओठ बघतात. डफ. फुगे, जे छातीशी धरले की बोलण्याची थरथर हाताला लागते. चित्रांची कार्डं तर ढीगभर. सगळं खोक्यांत भरतेय. मी म्हटलं, नुसतं भरू नकोस, वर चिठ्ठ्या लाव, नाहीतर नव्या शाळेत गेल्यावर शोधत बसशील. आणि बसून सगळ्या चिठ्ठ्या मीच लिहून दिल्या, ठसठशीत अक्षरात. हिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अक्षर छान आहे हो तुमचं."

कपाट रिकामं झाल्यावर ही त्याच्यासमोर बसून राहिली. दमली असेल. चहा करून दिला.

३ मे

पुन्हा दलाल. या खेपेला पांढरी गाडी. माझ्या क्लच सोडण्याकडे तो खिडकीत डोकं घालून बघत होता. गाडी बंद पडल्यावर म्हणाला, "साहेब, राग मानू नका. एकच दोष, आणि प्रत्येक गाडीत?"

"तेच म्हणतोय मी. जुन्या गाड्यांचा सगळा बाजारच नासलाय."

तो हसला की खोकला ते कळलं नाही.

महिना हाताशी आहे. खोटं कशाला लिहू, काळजी वाटायला लागली आहे. हिला म्हटलं, चांगली गाडी मिळेपर्यंत थांबू, घाईत कचरा गळ्यात पडायला नको. हिला म्हणे काही घाई नाही. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली. पूर्वी एवढ्या तेवढ्यावरून माझ्याशी भांडायची. हल्ली फारच समजूतदार झाली आहे.

१२ मे

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय.

कामावरून आलो तेव्हा ही गुडघ्याच्या व्यायामाला गेली होती. दारावरची बेल वाजली. एक तरुण मुलगी उभी. "काका, बाई आहेत का? मी शाळेतली नवीन शिक्षिका. जूनपासून बाईंचा वर्ग मला दिलाय ना, तर त्या म्हणाल्या होत्या सामान घेऊन जा."

मी आत या म्हटलं, पाणी दिलं. बाकी काय करायचं सुचेना. खाली तिची रिक्षा उभी होती. खोकी जड, म्हणून मीच एकेक जिन्यावरून खाली नेलं. शेवटच्या खोक्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'फुगे व आरसे'. मुलगी म्हणाली, "बाईंनी प्रत्येक मुलाबद्दल मला इतकं समजावून सांगितलंय! त्या सोडतायत म्हणून मुख्याध्यापिकांना फार वाईट वाटतंय. गुडघा काय म्हणतो त्यांचा?" मी म्हटलं, बरा आहे.

खोटं लिहायचं नाही ठरवलंय म्हणून हेही लिहितो. रिक्षा गेल्यावर क्षणभर मला हायसं वाटलं. आता गाडीची घाई नाही, असं मनात येऊन गेलं. मग त्या रिकाम्या कपाटाकडे लक्ष गेलं आणि स्वतःची लाज वाटली.

ही आली. दारातच तिला कळलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? तुम्ही बघताय ना गाडी."

"गाड्याच खराब निघतायत त्याला मी काय करू?"

हिने पिशवी ठेवली, चपला काढल्या, माझ्यासमोर बसली. "अहो, गाड्या चांगल्या आहेत. डॉक्टरीणबाईंची तर फारच चांगली होती."

मी उठून तिच्या चपला सरळ करून ठेवल्या.

"सगळं मास्तर करायचे हो. पायानं. मी मागे बसून बघायचे ना. तुम्ही क्लच सोडायच्या आत त्यांचा पाय त्यांच्या क्लचवर असायचा. तुम्ही एकदाही एकट्यानं गाडी हलवलेली नाही. एकदासुद्धा नाही."

"आणि इतके दिवस तू गप्प बसलीस?"

"बसमध्ये एकदा विचारून पाहिलं. पण शिकवणीहून आलात की तुम्ही जिन्यावरून शीळ घालत चढायचात. इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती ती शीळ. वर्ग काय, दुसरं कुणी शिकवेल. तुम्हाला येत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं? ते नाही झालं माझ्याच्यानं."

रागावलो होतो, पण कुणावर ते नक्की सांगता येत नव्हतं.

१३ मे

जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच लिहितोय.

सकाळी हाताखालच्या पोरीनं सहा बरण्या आणून दाखवल्या. सगळ्यांच्या गळ्याशी, एकाच जागी, एकच बुडबुडा. विचारते, सगळ्या मोडीत काढू का? मी म्हटलं, अगं, एकाच जागी एकच दोष सगळ्यांत आला तर बरण्यांना दोष द्यायचा नसतो, साचा बघायचा असतो. हे मी तिला तोंड वर करून शिकवलं. शिकवता शिकवता माझं तोंड आपोआप मिटलं. पोरगी विचारत होती, "सर, काय झालं?"

मीच साचा. दलालानं जवळजवळ हेच सांगितलं होतं आणि मी त्याच्या खोकल्याची चौकशी करत बसलो.

पुढचं रात्री घरी लिहितोय. संध्याकाळी मास्तरांकडे गेलो, भांडायलाच. मास्तर कान धरून म्हणाले, "साहेब, चुकलं. पण बाजारात माणसं असतात हो. आणि तुमच्या चेहऱ्यावर एवढा विश्वास असायचा, की पाय काढायचा माझा धीर होईना." असल्या माणसाशी भांडता येत नाही. 'आता पाय न लावता शिकवतो' म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांच्या शेजारी बसलो की मला पुन्हा सगळं येतंय असंच वाटेल.

१७ मे

डॉक्टरीणबाईंकडे गेलो, दोघं. गाडी अजून तिथंच होती, टॉवेलसकट. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "बाई, दोष गाडीत नव्हता."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी तुमचा पाय बघत होते. पण तुमच्या मिसेसनी डोळ्यांनी खुणावलं, म्हणून गप्प बसले." म्हणजे त्या दिवशी कुंड्यांमध्ये काही विशेष नव्हतं तर.

मी विचारलं, घेण्याआधी इथं अंगणात चालवून पाहू का? बाई म्हणाल्या, हवं तितकं चालवा, फक्त मांजर सांभाळा.

ही शेजारी बसली आणि एकदम वर्गातली बाई झाली. एवढ्या वर्षांत मी हिला शिकवताना पाहिलं नव्हतं.

"बूट काढा."

काढले.

"कापसाचे बोळे घाला कानात."

"कशाला?"

"इंजिनाचा आवाज वाढला की घाबरता तुम्ही, आणि पाय एकदम सोडता. आवाज ऐकूच नका. माझी मुलं 'प' आणि 'ब' ऐकत नाहीत, तरी वेगळे ओळखतात. कशानं? गळ्याला हात लावून. एकात थरथर असते, एकात नसते. तुमच्या पायाला आणि बुडाला थरथर लागते का बघा. मास्तरांचा पाय अर्ध्यात थांबायचा, मी कितीदा पाहिलंय. तिथंच थांबायचं. मी गुडघ्यावर एकदा टिचकी मारली की थांबा, दोनदा मारली की सोडा."

कापूस घातल्यावर जग लांब गेलं. क्लच दाबला, चावी फिरवली, गिअर टाकला, पाय इंच इंच वर आणला. काही नाही, काही नाही, आणि मग तळव्याखालून बारीक थरथर वर आली, सीटमधून पाठीपर्यंत. हिची टिचकी. थांबलो. गाडी जागच्या जागी कापत होती. दोन टिचक्या.

गाडी निघाली. उडी नाही, काही नाही. चालत्या माणसाइतक्या वेगानं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि मांजर कंटाळून बाजूला झालं. मी ओरडलो, म्हणे, फार मोठ्यानं. मला ऐकू आलं नाही. ही हसत होती एवढं दिसलं.

नंतर बंदही पडली, मोजायचं सोडून दिलं इतक्यांदा. पण निघाली एकदा, हे खरं. गाडी आम्ही घेतली. बाई हिशेब झाल्यावर म्हणाल्या, "क्लच गेलेली गाडी घेताय, विचार करा बरं." मी हसलो. आधी हसलो नसतो.

१९ मे

हिला न विचारता एक गोष्ट केली. मुख्याध्यापिकांना भेटलो. म्हटलं, हिचा गुडघा बरा आहे, वाईट होतं ते माझं ड्रायव्हिंग. त्या आधी घोटाळल्या, मग खो खो हसल्या. नव्या इमारतीत मुलं वाढणार आहेत, त्यांना दोन्ही शिक्षिका हव्याच आहेत. पण मे संपेपर्यंत पक्कं कळायला हवं. आणि ते हिनं कळवायचं, मी नाही.

हिला येऊन सांगितलं. वाटलं, खूश होईल. ही म्हणाली, "बघू." बरोबर आहे. माझ्या शब्दावर एकदा कळवून बसली आहे ती.

२४ मे

रोज पहाटे सराव. कापूस काढला, बूट घातले. गल्लीत ठीक, चौकात घाम. आज सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली आणि मागचा रिक्षावाला म्हणाला, "काका, ढकलू का?" हिने खिडकीतून डोकं काढून "नको, सुरू होतेय" असं सांगितलं, आणि ती सुरू झाली.

मला भीती वाटते. हे आधीही वाटायला हवं होतं, पण तेव्हा मास्तरांचा पाय होता.

३० मे

आज शाळेपर्यंतचा सगळा रस्ता गेलो आणि आलो. पूल, चढ, एक वाईट फाटा, सगळं. दोनदा बंद पडली, दोन्हीदा माझी मीच सुरू केली. हिने टिचकी मारली नाही, हात मांडीवर घडी घालून ठेवले होते.

घरी आल्यावर चपलाही न काढता हिने फोन उचलला आणि मुख्याध्यापिकांना म्हणाली, "मी येतेय." मला काही विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. डोळे भरून आले होते, ते कुणाला दाखवायचं काय कारण?

८ जून

शाळेचा पहिला दिवस. कारखाना त्याच रस्त्यावर अलीकडे लागतो, उद्यापासून जाता येता जमेल. आज मात्र रजा घेतली.

हिला पोचवलं, जरा उशिरा. फाटकाशी मुलांनी हिला घेरलं, सगळ्यांचे हात एकाच वेळी बोलत होते. ही मागे वळून न बघता आत गेली. आणि मी गाडी वळवायला म्हणून चावीला हात घातला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

परत मला एकट्याला जायचं होतं.

सोडीन, सोडीन म्हणत पाच महिने घालवले. सोडल्यावर येताना शेजारी कुणी नसणार, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मी चावी काढून खिशात ठेवली आणि काच पुसली. मग दुसरी काच पुसली.

मधल्या सुट्टीत ही फाटकाबाहेर आली. "अहो, तुम्ही अजून इथंच?"

"इंजिन गार होऊ देतोय."

"तीन तास?"

मी स्टीअरिंगकडे बघत म्हटलं, "मला एकट्याला जमणार नाही." असं वाक्य मी आयुष्यात कुणापुढे बोललो नव्हतो. हिच्यापुढेही नाही.

ही दार उघडून शेजारी बसली. म्हणाली, "सकाळी वर्गात शिरताना मलाही तसंच झालं. वर्ग सोडलाच होता ना मी मनातून. वाटलं, मुलं विचारतील, कशाला परत आलात."

"विचारलं?"

"कुठलं हो. उशीर का झाला म्हणाली."

भिंतीवरचा दिवा लुकलुकला. या शाळेत घंटा नाही, दिवा असतो. ही उतरली, दार लावलं, आणि आत गेली. थांबून बघत बसली नाही, ते बरं केलं.

मी गेलो. फार हळू गेलो. चढावर बंद पडली, मागे ट्रक होता, तो थांबला, मी निघालो. घरी पोचून गाडीतच बसून राहिलो, मग वर जाऊन झोपलो.

संध्याकाळी आणायला वेळेवर गेलो. ही शेजारी बसली, मुलांबद्दल सांगायला लागली, कोण उंच झालं, कुणाचे दात पडले. पुलाच्या अलीकडे बोलणं तुटक झालं आणि पुलापलीकडे थांबलं. मी नजर वळवली नाही, रहदारी होती. फाटा ओलांडल्यावर पाहिलं तर झोपली होती. मान खिडकीशी, तोंड जरासं उघडं. मी चालवत असताना ही झोपली होती.

घर आलं. थांबलो असतो तर झटका बसला असता, माझं थांबणं अजून तसंच आहे, आणि ती जागी झाली असती. मी थांबलो नाही. गल्लीच्या टोकाला वळलो आणि पुन्हा मोठ्या रस्त्याला लागलो.